मेट्टामावशीच्या केकचा अख्खा तुकडा

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी, भर दुपारी, पेट्रोल पंपावर आंके लोरेन्सनची पँट घसरली. थोडीथोडकी नाही, थेट गुडघ्यापर्यंत. दुसरी एखादी बाई लाजेने मेली असती. आंके पँट वर ओढायचं सोडून ती चालवायची त्या शाळेच्या बसला टेकली आणि हसत सुटली. बस रिकामी होती हे मुलांचं नशीब. पंपावरचा माणूस आभाळाकडे बघत म्हणाला, "पट्टा लाव की एखादा."

"लावलाय रे," आंके म्हणाली. "भोकं संपली त्याची."

मे महिन्यात आंके एकशे एक्केचाळीस किलो होती. मग डॉक्टरांनी तिच्या पोटाची अंड्याएवढी पिशवी केली आणि बाकीचं पोट बाजूला ठेवून दिलं. आता ती नव्याण्णव किलो होती. वजन दोन आकडी झालं ही बातमी तिने त्याच सकाळी नवऱ्याला, पोस्टमनला, चर्चच्या पाद्रीबाईंना आणि बसमधल्या सगळ्या पोरांना सांगितली होती. चौपन्नाव्या वर्षी ती बुटाची नाडी स्वतः बांधत होती आणि बांधून झाली की सोडून पुन्हा बांधत होती. बसल्या जागी पायावर पाय टाकत होती. दर दहा मिनिटांनी पाय बदलत होती, दुसऱ्या पायाला वाईट वाटू नये म्हणून. माणसाला इतकं हलकं वाटू द्यावं का, असं नॉरमोसे गावातल्या काही जड माणसांचं मत होतं.

खाण्याचे नियम फ्रिजवर चिकटवलेले होते. ताटली लहान घ्यायची. आधी मासा, अंडं, चीज, मग बाकीचं. घास वीस वेळा चावायचा. जेवताना पाण्याचा थेंब नाही, जेवण झाल्यावरही अर्धा तास नाही. आंके अंडं खायच्या चिमुकल्या चमच्याने जेवायची आणि पाच-सहा चमच्यांत तिचं पोट भरायचं. तिचा नवरा निस, जो शेतकऱ्यांची यंत्रं दुरुस्त करायचा आणि दिवसाला बेताचीच वाक्यं बोलायचा, एकदा म्हणाला, "माझं जेवण झालं, भांडी झाली, डुलकीपण झाली. तू त्याच माशापाशी आहेस अजून. नाव काय म्हणाला तो?"

गोड मात्र तिने एकदाच करून पाहिलं होतं. जूनमध्ये साखर लावलेला अर्धा बन खाल्ला आणि वीस मिनिटांत ती न्हाणीघरात फरशीवर आडवी. छातीत धडधड, अंगभर घाम, डोकं गरगर. अर्ध्या तासाने सगळं आपोआप ओसरलं. डॉक्टरांनी सांगितलं होतंच की असं होईल. जीव जात नाही, फक्त गेल्यासारखा वाटतो. तेव्हापासून आंके साखरेकडे कुंपणापलीकडच्या बैलाकडे बघावं तशी बघायची.

एवढ्या आनंदात तिला एकच गोष्ट टोचत होती, आणि ती रस्त्यापलीकडच्या पिवळ्या घरात राहत होती.

मेट्टामावशी ही आंकेच्या आईची थोरली बहीण. आंके नऊ वर्षांची असताना आई गेली, बाप त्याआधीच कुठेतरी समुद्रावर हरवला होता, आणि मावशीने पोरीला कडेवर घ्यायचं वय उलटलेलं असूनही कडेवर घेऊन घरी आणलं. मावशीला स्वतःचं मूल नव्हतं. तिला होता तो ओव्हन. आता ती चौऱ्याऐंशीची होती, आणि तिच्या काळ्या पावाच्या केकची कीर्ती चार गावांत होती. राईचा शिळा पाव किसायचा, त्यात भाजलेल्या हेझलनटचा कूट, थोडा कोको, मध्ये आंबट मनुक्यांचा जॅम आणि वर बोटभर उंच साय. आंके त्या केकचा पाव भाग एका बैठकीत संपवायची आणि मावशी समोर बसून, हातावर हनुवटी ठेवून, बघत राहायची.

ऑपरेशनचं कळलं त्या दिवशी मावशी एवढंच म्हणाली होती, "धडधाकट पोट कापून घेणारी पहिलीच माझ्या घरात." त्यानंतर तिने ओव्हन पेटवलाच नाही. रविवारी ती यायची, पण रिकाम्या हाताने. पंचेचाळीस वर्षांत मावशी रिकाम्या हाताने कुणाच्या दारात उभी राहिली नव्हती. खुर्चीत बसायची, आंकेचं चावणं मोजत असल्यासारखी तिच्या जबड्याकडे बघायची आणि कॉफी अर्धी टाकून उठून जायची. आंकेला ते फार लागायचं. चिडली असती, भांडली असती तर चाललं असतं. ती नुसती परकी होऊन बसायची, आणि आंकेला नऊ वर्षांची झाल्यासारखं वाटायचं.

त्यात आलं गावाचं कॉफीपान.

डेन्मार्कच्या दक्षिण यूलंडमध्ये कॉफीपान म्हणजे कॉफी पिणं असा समज कुणी करून घेऊ नये. सात मऊ केक आणि सात कडक बिस्किटं, असे चौदा जातींचे गोड पदार्थ टेबलावरून एका हातातून दुसऱ्या हातात फिरतात, आणि प्रत्येकाने प्रत्येक जातीचं घ्यायचंच. एखादीची थाळी काही न घेता पुढे ढकलली तर तिला ते तीन पिढ्या आठवतं. आमचे आजे-पणजे जर्मन अमलाखाली असताना सभागृहांना दारूचा परवाना मिळेना, तेव्हा त्यांनी एकत्र बसायला हा मार्ग काढला म्हणतात. राज्य गेलं, लोणी राहिलं.

सभागृहाची अध्यक्षीण बोटिला मंगळवारी आंकेकडे आली आणि कोट न काढताच खुर्चीत कोसळली.

"तेरा," ती म्हणाली.

"काय तेरा?"

"मऊ सहा, कडक सात. तुझी मावशी म्हणते केक करणार नाही. रविवारी शेजारच्या गावची आठ माणसं येणार आहेत, आणि आम्ही काय तेरा मांडायचे?"

"दुसरं कुणी करेल की काळ्या पावाचा."

"मेट्टा जिवंत असताना?" बोटिला म्हणाली. "तू करतेस? नाही ना? मग मला कशाला सांगतेस?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुणासाठी करू म्हणते गं ती. मी म्हटलं, आम्ही साठ माणसं आहोत. तर म्हणते, साठ माणसं खातात, पण जेवत नाहीत."

आंके त्याच संध्याकाळी रस्ता ओलांडून गेली. मावशी स्वयंपाकघरात स्वच्छ ओट्यासमोर बसली होती. इतका स्वच्छ ओटा त्या घरात आंकेने कधी पाहिला नव्हता.

"मावशी, केक कर ना गं."

"कशाला? तू वास घेणार का?"

"मी खाईन."

"चमचाभर चाटशील. मांजर चाटतं तसं." मावशीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "वारा आला तर जाशील उडून."

"मावशी, नव्याण्णव किलो आहे मी. वारा जायबंदी होईल."

मावशीच्या ओठाचा कोपरा हलला, पण तिने तो जागच्या जागी बसवला. "अख्खा तुकडा खाशील? माझ्या सुरीने कापलेला, सगळ्यांच्या देखत?"

आणि आंके, जिला महिनाभर कशानेही हसू यायचं, जिला वाटायचं की आता आपल्याला काहीही जमेल, ती म्हणाली, "खाईन. अख्खा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी येऊन तिने निसला सांगितलं. निसने विचार करून आपला पंजा टेबलावर पसरून ठेवला. "मावशीचा तुकडा एवढा असतो," तो म्हणाला. मग दुसरा पंजा पहिल्यावर उभा धरला. "आणि एवढा उंच."

दोघांनी लोण्याची मोठी वडी काढली, पंजाएवढी कापली आणि अंड्याच्या चमच्याने उकरून चमचे मोजले. चव्वेचाळीस भरले. कॉफीपान दोन ते सहा. दोनशे चाळीस मिनिटं भागिले चव्वेचाळीस.

"साडेपाच मिनिटांना एक," आंके टाळी वाजवून म्हणाली. "जमलं की."

"आणि साखर?" निसने विचारलं.

आंकेने हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ मुलीला फोन लावला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण खायचाच कशाला?"

"मावशीचा आहे."

"नको म्हणून सांगता येणार नाही का?"

आंकेने निसकडे पाहिलं, निसने आंकेकडे. पोरगी बिचारी कोपनहेगनची होती. तिने बजावून सांगितलं, घरून अंडं आणि चीज खाऊन जा, केकचे दोन चमचे घे, फार तर तीन, तिथे थांब, आणि बरोबर कॉफी अजिबात नको. आंकेने सगळ्याला हो म्हटलं. माणूस फोनवर बरंच काही म्हणतो.

रविवारी दोन वाजता सभागृहात पांढरे टेबलक्लॉथ, साठ माणसं आणि चौदा जाती. चौदा. मेट्टामावशीचा केक मध्यभागी, उंच पायाच्या काचेच्या थाळीवर, आणि त्यामागे मावशी ठेवणीतला निळा ब्लाउज घालून बसलेली. बोटिला दर पाच मिनिटांनी थाळ्या मोजत होती आणि शेजारच्या गावच्या माणसांना ऐकू जाईल असं मोजत होती.

आंकेने कप उपडा ठेवला. कॉफीपानात कप उपडा ठेवणारी बाई नॉरमोसेने तोवर पाहिली नव्हती. पण बायका मनाने चांगल्या. तिच्या पोटाचं सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून प्रत्येकीने आपली थाळी पुढे करताना कानात सांगितलं, "तुझ्यापुरता नखाएवढाच कापलाय हं. एवढ्याने काय होतंय." प्रत्येकीला वाटत होतं आपणच तेवढ्या समजूतदार. तेरा समजूतदार बायकांनी आंकेची ताटली शिगोशीग भरली. डाव्या हाताला निस बसला होता. तो दर थोड्या वेळाने खिडकीकडे बोट दाखवून "तो बघ बगळा," म्हणायचा, आणि लोकांच्या माना वळल्या की एकेक नख गिळायचा. पाचव्या बगळ्यानंतर लोकांनी बघायचं सोडलं, पण तोवर ताटली रिकामी झाली होती.

मग मावशी उठली. तिने स्वतःच्या सुरीने तुकडा कापला आणि टेबलाला वळसा घालून तो आंकेपुढे आणून ठेवला. निसचा पंजा त्याच्यापुढे लहान मुलाचा वाटला असता. सभागृहात सगळे एकमेकांशी बोलत होते आणि एकाचंही कुणी ऐकत नव्हतं.

आंकेने अंड्याचा चमचा काढला. पहिला घास. तिने डोळे मिटले, चावत राहिली. दुसरा. तिसरा. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की समोरच्या बोटिलाने बोलता बोलता वाक्य सोडून दिलं. चौथ्याला निसने तिच्या कोपराला हात लावला. आंकेने मान हलवली. खरं तर तिथे थांबायचं होतं. पण घास इतका चांगला होता, आणि मावशी समोर हातावर हनुवटी ठेवून बसली होती, पाच महिन्यांनी पहिल्यांदा. त्या हनुवटीसाठी आंकेने आणखी तीन घेतले. सदतीस उरले.

निसने काटा पुढे सरकवून तुकड्याचा कोपरा उचलायचा प्रयत्न केला. "बगळा नाही आहे कुठे," मावशी म्हणाली आणि त्याच्या हातावर चापट मारली.

आठवा चमचा तोंडापाशी आला आणि सभागृहाची खोली हळूहळू डावीकडे सरकायला लागली. कपाळावर घाम फुटला. छातीत कुणीतरी पळत होतं. आंकेला त्याही अवस्थेत हसू आलं. "निस," ती म्हणाली, "बगळा दिसतोय मला. खराच."

निसने आणि बोटिलाने तिला धरून बाहेर कोट टांगायच्या खोलीत नेलं, लांब बाकावर आडवं केलं, डोक्याखाली कुणाचेतरी दोन कोट दिले. अर्ध्या तासाने ठीक होईल, हे निसला माहीत होतं, म्हणून तो घाबरला नाही. फक्त तिचे बूट काढून हातात धरून उभा राहिला. दार उघडलं आणि मावशी आत आली. तिचा चेहरा निळ्या ब्लाउजवर पिठासारखा पांढरा दिसत होता.

"बाहेर हो," ती निसला म्हणाली. निस बुटांसकट बाहेर झाला.

मावशी बाकाच्या टोकाला बसली आणि तिने आंकेचे पाय मांडीवर घेतले. "मारलं मी तुला."

"नाही गं. साखर पळतेय अंगात. दमली की बसेल."

"थांबायचं की मग. चार झाले तेव्हाच थांबायचं."

"तू बघत होतीस."

मावशी बराच वेळ तिच्या पायमोज्यावरून हात फिरवत राहिली. बाहेर कप वाजत होते. "तुला आठवत नाही," ती म्हणाली. "तुझी आई गेली आणि तू माझ्याकडे आलीस, तेव्हा तू खायचंच बंद केलं होतंस. अकरा दिवस. पाणी आणि पावाचा चिमूटभर कोर. डॉक्टर म्हणाले, नळी घालावी लागेल. मी रात्रंदिवस काय काय रांधलं. बाराव्या दिवशी हा केक केला आणि तू बोट बुडवलंस. मग अख्खा तुकडा खाल्लास. मी तिथेच ओट्याला धरून रडले." तिने नाक पुसलं. "तेव्हापासून तू खाताना दिसलीस की मला वाटतं, राहिली. माझी पोर राहिली. आणि आता तू घास मोजतेस, ताटलीत टाकतेस, तर मला रोज वाटतं की ही परत जायला निघाली."

पंचेचाळीस वर्षं आपण खात होतो आणि समोर ही काय मोजत होती, हे तिला आत्ता कळलं. छातीतली धावपळ ओसरायला लागली होती. ती कोपरावर उठून बसली आणि मावशीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मावशी, मी राहायला म्हणून तर पोट कापून घेतलं. तुझ्या वयापर्यंत पोचायचं होतं मला. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर फार वर्षं नाहीत."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आंकेनेच सांगितलं नव्हतं. म्हातारी घाबरेल म्हणून सगळं हसण्यावारी नेलं होतं.

"आणि दुसरं," आंके म्हणाली. "मला आज कळलं, तू त्यात नारिंगाची साल घालतेस. कडू नारिंगाची, वाळवून किसलेली. आणि हेझलनट एका बाजूने जरा करपू देतेस. जॅममध्ये साखर कमी घालतेस, वरच्या सायीत तर घालतच नाहीस. दुसऱ्या घासाला साल लागली, तिसऱ्याला जिभेच्या मागे कडवट राहिली, आणि मग मनुका आला. मी आयुष्यभर तुझा केक खाल्ला गं, पण गिळला. असा कधी लागलाच नव्हता."

मावशीने विचारलं, "साल कळली?"

"दुसऱ्याच घासाला."

"ती तुझ्या आईची," मावशी म्हणाली. "कृती माझी, साल तिची. ती लपवून घालायची आणि मला म्हणायची, ओळख काय घातलंय. मला कधी ओळखता आलं नाही, तिने मरायच्या आधी सांगितलं. तेव्हापासून घालतेय. दर केकला. साठ-साठ माणसं, पंचेचाळीस वर्षं. मला वाटायचं, एक दिवस कुणीतरी खाईल आणि विचारेल." तिचा आवाज मोडला. "कुणी विचारलं नाही. तू तर नाहीच."

"माझं तोंड भरलेलं असायचं," आंके म्हणाली.

यावर आधी मावशी हसली. खांदे हलवत, आवाज न करता, मग आवाज करून. आंकेला तर निमित्तच हवं असायचं. दोघी कोटांच्या ढिगात एकमेकींना धरून इतक्या हसल्या की खुंटीवरून बोटिलाची टोपी पडली, आणि त्या हसण्यात रडणं कुठून मिसळलं ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

थोड्या वेळाने मावशी उठली, ब्लाउज ओढून नीट केला आणि आंकेला म्हणाली, "पडून राहा अजून. रंग आलेला नाही." दार उघडं टाकून ती सभागृहात गेली. आंकेच्या जागेवर तुकडा तसाच होता, एका बाजूने उंदराने कुरतडल्यासारखा, आणि साठ माणसं त्याच्याकडे बघत नसल्यासारखं बघत होती.

शेजारच्या गावच्या एका बाईला राहवलं नाही. ती म्हणाली, "तुकडा काही संपला नाही वाटतं तिचा."

"संपला," मेट्टामावशी म्हणाली. "पंचेचाळीस वर्षांत तेवढा एकच संपला." आणि खुर्ची ओढून, बसून, तिने कॉफीसाठी कप पुढे केला.